ढकलण्याची विद्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय कळवा म्हणून सांगितले, तेव्हा आम्ही 'पेट्या ढकलण्याचा खेळ' एवढेच लिहून पाठविले. त्यावर त्यांचा निरोप आला की, आपण कामगार चळवळीवर बोलणार असे आम्ही धरून चाललो होतो. हमाल-माथाडींत वावरणाऱ्या माणसाने मजुरी, बोनस, संप ह्यांवर बोलावे ही अपेक्षा काही गैर नाही. परंतु आम्ही विषय बदललेला नाही. आज त्याच गावाला जायचे आहे. वाट तेवढी खेळाच्या अंगणातून जाते.

आमचे शिक्षण शाळेपेक्षा गोदामात आणि वाचनालयात अधिक झालेले. तेव्हा शास्त्रातले जे सांगू ते आम्हांस समजले तेवढेच आणि साध्या भाषेत सांगू. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ज्ञान चार भिंतींतून चौकात यावे म्हणूनच. चौकात आले की ते हमालाच्याही वाट्याला येते, आणि कधी कधी हमालाकडूनही चार गोष्टी घेते.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू.

जपानात ताकाराझुका नावाचे शहर आहे. तेथील हिरोयुकी इमाबायाशी ह्यांनी १९८१ साली संगणकावर खेळण्याचा एक खेळ रचला. पुढे १९८२ च्या डिसेंबरात त्यांच्या 'थिंकिंग रॅबिट' ह्या कंपनीने तो विक्रीस आणला. खेळाचे नाव 'सोकोबान'. जपानी भाषेत 'सोको' म्हणजे गोदाम, आणि 'बान' म्हणजे राखण, पहारा. सोकोबान म्हणजे गोदाम सांभाळणारा माणूस. १९८२ म्हटले की आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना दुसरेच आठवेल. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष त्या संपात होता. डिसेंबरात संपाला अकरावा महिना लागला होता. इकडे आमच्या माणसांचे काम थांबले होते, आणि तिकडे काम करणाऱ्या माणसाचा खेळ दुकानात येत होता. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण खेळ कोणत्या काळातला आहे हे ध्यानात राहावे म्हणून सांगितले.

खेळ असा. वरून पाहिल्यासारखे एक गोदाम दिसते. जमिनीवर बुद्धिबळासारखी घरे, कडेने भिंती, मध्येही कोठे भिंतीचा तुकडा. काही घरांत पेट्या ठेवलेल्या. तितक्याच घरांवर खुणा केलेल्या. एक माणूस आहे. त्याने प्रत्येक पेटी कोणत्या ना कोणत्या खुणेवर नेऊन ठेवायची. माणूस उभा-आडवा चालतो, तिरका चालत नाही. पेटीच्या मागे उभा राहिला की ती एक घर पुढे ढकलतो. त्याला पेटी ओढता येत नाही. एका वेळी दोन पेट्या ढकलता येत नाहीत. पेटी उचलता येत नाही, की तिच्यावरून उडी मारता येत नाही. नियम संपले.

आमचा अनुभव असा की, हे नियम ऐकून प्रत्येक जण म्हणतो, 'ह्यात काय आहे?' आणि पाचव्या मिनिटाला तोच माणूस कपाळाला हात लावून बसतो. असे का होते ते पाहण्यासारखे आहे.

पेटी कोपऱ्यात गेली की गेली. तिला बाहेर काढायचे तर तिच्या मागे उभे राहावे लागेल, आणि मागे तर भिंत आहे. हे कोणासही लवकर समजते. दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. पेटी सरळ भिंतीला लागली की ती त्या भिंतीच्या कडेने सरकते, पण भिंत सोडून आत येत नाही; कारण आत ढकलण्यासाठी भिंतीत उभे राहावे लागेल. तेव्हा त्या भिंतीलगत खूण नसेल तर ती पेटी वाया गेली. तिसरी गोष्ट याहून बारीक. भिंतीला दोन पेट्या शेजारी-शेजारी लागल्या की दोन्ही अडकल्या. पहिली ढकलू पाहाल तर दुसरी आड येते, दुसरी ढकलू पाहाल तर पहिली. एकेकटी असती तर निदान सरकली असती. दोघींनी मिळून एकमेकींचा रस्ता बंद केला. संघटनेत आम्ही उलटे सांगत असतो की दोघे मिळाले की रस्ता उघडतो. पण पेट्यांना ते लागू नाही.

सर्वांत मोठी अडचण पुढेच आहे. चूक झाली हे त्याच क्षणी कळत नाही. तुम्ही एक पेटी थोडी घाईने पुढे ढकलता. सगळे ठीक दिसते. आणखी वीस पावले तुम्ही मजेत चालता. मग शेवटची पेटी आणावयास जाता, तो आपला रस्ता आपणच मघाशी बंद केला आहे असे दिसते. म्हणजे हा खेळ हाताच्या चपळाईचा नाही. कोणती पेटी आधी, कोणती मागून, आणि ती ढकलताना आपण कोणत्या बाजूस उभे राहणार, ह्याचा आहे.

खेळण्यास संगणकच हवा असे नाही. घरी फरशीवर खडूने घरे आखा, चार काड्यापेट्या घ्या, भिंतीच्या जागी विटेचे तुकडे किंवा पुस्तके ठेवा, माणसाच्या जागी एक बटण घ्या. मुलांना नियम सांगा आणि बाजूला बसा. अर्ध्या तासात मुले आपली स्वतःची गोदामे आखू लागतील. पैसा लागत नाही.

आता हा खेळ थोडक्या सुट्टीचा सोबती म्हणून का चांगला, ते सांगतो. ह्यात घड्याळ नाही. तुमच्यावर कोणी धावून येत नाही. एक डाव दहा मिनिटांत सुटतो, किंवा सुटत नाही. भोंगा झाला की आहे तसा ठेवून द्यावा. उद्या पेट्या आहेत त्याच जागी सापडतील. आणि न सुटलेला डाव मनात ठेवून हाताने दुसरे काम करता येते. हल्ली मोबाईलवर असे कितीतरी खेळ आहेत की, ज्यांना शेवटच नाही. अर्ध्या तासाच्या सुट्टीत माणूस त्यांत शिरतो, आणि बाहेर येतो तो डबा न उघडता आणि डोळे लाल करून. तेथे सुट्टी माणसाची राहत नाही. ती खेळ विकणाऱ्याची होते. ज्याने आपली सुट्टी खाल्ली त्याला खेळ म्हणावे की दुसरा मालक म्हणावे, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण ती सुट्टी फुकट मिळालेली नाही. जुन्या देवळांच्या ओसरीवर, लेण्यांत, गडांच्या दगडांवर नवकंकरीचे आणि वाघ-बकरीचे पट कोरलेले आपण पाहिले असतील. माणसाला घटकाभर थांबायला मिळाले की तो चार रेघा ओढतो आणि खडे मांडतो. हे फार जुने आहे. पण गिरण्या आल्या आणि घटकाभर थांबणेच बंद झाले. यंत्र थांबत नाही, मग माणसाने का थांबावे, असा तो हिशेब होता. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याची एक सुट्टी मागितली होती, आणि दुपारी अर्धा तास विसावा मागितला होता. अर्धा तास, मंडळी! त्याहून अधिक काही नाही. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० चा जून उजाडला, आणि दुपारचा अर्धा तास कायद्यात येण्यास १८९१ चा कारखाने कायदा व्हावा लागला. स्वराज्यात १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेता येणार नाही, मध्ये निदान अर्धा तास विसावा दिलाच पाहिजे, हे खुद्द कायद्याच्या कलमात लिहून ठेवले.

तो कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०२० ची नवी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात दिवसाचे आठ तास लिहिले आहेत; परंतु मधला विसावा किती आणि केव्हा, हे सरकारने अधिसूचनेने ठरवावयाचे आहे. कलम बदलायचे तर विधिमंडळात किंवा संसदेत चर्चा होते, वर्तमानपत्रांत येते. अधिसूचना बदलते तेव्हा ती कितीजण वाचतात? म्हणून आम्ही आमच्या लोकांना सांगतो की, तो अर्धा तास जपा. त्यात भाकरी खा, पाठ टेका, आणि उरलेल्या दहा मिनिटांत खेळायचे तर असा खेळ खेळा की जो डोके ताजे करून तुम्हांला परत पाठवील.

अशाच एका सुट्टीत घडलेली गोष्ट सांगतो. गाव आणि गोदाम सांगण्याचे कारण नाही. जेवणाची सुट्टी होती. कचेरीतला एक तरुण कारकून मोबाईलवर हाच खेळ घेऊन बसला होता. शिकलेला, चांगल्या स्वभावाचा मुलगा. तीन दिवस एकाच डावावर अडून बसला होता. शेजारी आमच्या टोळीतले एक वयस्क हमाल पोत्याला टेकून तंबाखू मळीत होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी मान वाकडी करून थोडा वेळ पाहिले.

मुलगा म्हणाला, "तात्या, ही पेटी इथनं काढायची कशी?"

तात्या म्हणाले, "ती आता निघत न्हाई. भितीला लावून बसलायसा तुम्ही."

"मग काय करायचं?"

"पहिल्यापासनं. आन आधी शेवटची पेटी कुठं बसणार ती बघा, मग पहिलीला हात लावा. थप्पी दारातनं लावायची नसती साहेब, आतल्या भितीकडनं लावायची असती."

मुलाने पहिल्यापासून मांडले. तात्या बोटाने दाखवीत गेले. डाव सुटला. तात्यांनी तो खेळ जन्मात पाहिला नव्हता. पण त्यांनी तीस वर्षे दुसरे काय केले होते?

संगणकाचे जाणकार सांगतात की, हा खेळ सोडविण्याची एक चांगली रीत म्हणजे शेवटाकडून सुरुवात करणे. पेट्या खुणेवर पोहोचल्या आहेत असे समजायचे, आणि त्या उलट ओढत ओढत कोठून आल्या असतील हे मागे मागे पाहत जायचे. तात्या दुसरे काय सांगत होते? आणि ट्रक भरणारा प्रत्येक हमाल हीच रीत वापरतो. इस्लामपुरात ट्रक भरायचा आहे. थोडा माल कराडला उतरायचा, थोडा साताऱ्याला, उरलेला पुण्याला. पहिल्यांदा आत काय जाईल? पुण्याचा माल. जो शेवटी उतरणार तो आधी भरायचा. ह्यात चूक झाली तर कराडच्या नाक्यावर पुण्याचा माल रस्त्यावर काढून पुन्हा भरावा लागतो, आणि त्या दुप्पट हमालीला धनी कोणी होत नाही. शिवाय वजन दोन्ही बाजूंना सारखे हवे, जड माल खाली हवा, फुटणारा माल दाबाखाली यायला नको. इतक्या अटी एकाच वेळी डोक्यात धरून माणूस पाठीवर पोते घेऊन चालत असतो. खेळणाऱ्याच्या पाठीवर निदान पोते तरी नसते.

साखरेच्या गोदामाचेही तसेच. थप्पी भिंतीला चिकटवून चालत नाही. हवेला आणि माणसाला वाट ठेवावी लागते. एक थर उभा, त्यावरचा थर आडवा, म्हणजे पोत्यात पोते अडकून थप्पी उभी राहते. सगळे थर एकाच बाजूने लावले तर उंच गेल्यावर ती झुकते. जुना माल आधी बाहेर जायला हवा, म्हणून नव्या पोत्यांनी जुन्यांची वाट अडवता कामा नये. आणि आमच्याच जिल्ह्यातले जुने उदाहरण द्यायचे तर हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे द्यावे. जमिनीत खोल खणलेले पेव, वर लहानसे तोंड. जे शेवटी आत गेले ते पहिल्याने वर येणार. तोंड उघडल्यावर आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, तोवर कोणी उतरायचे नाही. हे कोणत्या पुस्तकात होते? कोणी शाळेत शिकविले? २००५ च्या कृष्णेच्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे कामातून गेली, आणि ती विद्याही आता जुन्या माणसांपाशीच उरली आहे.

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते पाहा. १९९७ च्या मे महिन्यात 'डीप ब्लू' नावाच्या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह ह्याला सामन्यात हरविले. सगळ्या जगात डंका झाला की यंत्राने माणसाच्या बुद्धीवर मात केली. त्याच १९९७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील जोसेफ कल्बर्सन ह्यांनी ह्या पेट्या ढकलण्याच्या खेळाविषयी एक सिद्धता मांडली. तिचा अर्थ साध्या भाषेत असा की, हा खेळ संगणकाला अवघड वाटणाऱ्या प्रश्नांच्या एका फार वरच्या पायरीवर बसतो. गोदाम मोठे होत जाईल तसा तो झटपट सोडवून देणारी अशी एखादी सर्वसाधारण युक्ती आजवर कोणास माहीत नाही, आणि ती नसेलच असे बहुतेक जाणकार मानतात. त्याच विद्यापीठात त्या सुमारास आंद्रेआस युंगहान्स आणि जोनाथन शेफर ह्या दोघांनी हा खेळ सोडविणारी एक आज्ञावली लिहिली. नव्वद ठरावीक डावांचा एक प्रसिद्ध संच आहे. माणसे ते डाव सोडवीत होती. त्यांच्या आज्ञावलीस त्यांतले साठही सुटले नाहीत. ते नव्वदच्या नव्वद यंत्राने सोडविले अशी नोंद व्हायला २०२० साल उजाडले. म्हणजे राजा-वजिराचा खेळ यंत्राने आधी जिंकला, आणि हमालाच्या खेळाने त्याला त्यानंतर वीस वर्षांहून अधिक दमविले.

येथे कोणी शंका काढील की, खेळ तो खेळ आणि गोदाम ते गोदाम. खऱ्या गोदामात माणूस पोते उचलतो, फिरवतो, चार जण हात लावतात. ही शंका रास्त आहे. तात्यांचे काम आणि ही गणिते एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, वस्तू कोणत्या क्रमाने हलवाव्या म्हणजे वाट बंद होणार नाही, हा विचार हलका नाही. तो कागदावर मांडला की विद्यापीठे त्यावर प्रबंध लिहितात. तोच विचार घामाच्या अंगाने केला की त्याला काय म्हणतात?

त्याला 'अकुशल' म्हणतात.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हा एक शब्द आहे. किमान वेतनाच्या कागदावर कामाचे प्रकार असतात: अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल. २०१९ च्या वेतन संहितेतही हे प्रकार आहेत. हमालाचे नाव शोधू जाल तर ते बहुधा पहिल्या रकान्यात सापडते. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. त्या रकान्यावर मजुरी ठरते, मजुरीवर मुलाचे शिक्षण ठरते, आणि मुलाच्या शिक्षणावर त्याचा मुलगा कोणत्या रकान्यात बसणार हे ठरते. जगातल्या मोठ्या गोदामांत आता चाकांची यंत्रे माल हलवितात. ॲमेझॉनने २०१२ साली अशी यंत्रे करणारी 'किव्हा' नावाची कंपनीच विकत घेतली. त्या यंत्राने कोणत्या वाटेने जावे हे आखणारा इंजिनिअर अतिकुशल ठरतो, आणि ते योग्यच आहे. पण तीच वाट डोक्यात आखून वर पन्नास किलोचे पोते वाहणारा अकुशल कसा ठरतो, हे आम्हांस अजून कोणी समजावून दिलेले नाही.

ह्यावर मालकमंडळींचे एक उत्तर असते: 'शिक्षण नाही, प्रमाणपत्र नाही.' प्रमाणपत्र नाही हे खरे. शिक्षण नाही हे खरे नाही. नवा पोऱ्या टोळीत आला की त्याला पहिल्या दिवशी वरच्या थराला कोणी चढू देत नाही. तो खाली पोती लावून देतो, पाहतो, शिव्या खातो, शिकतो. मुकादम कोणाला थप्पीच्या कोपऱ्यावर उभा करतो ते पाहा. कोपऱ्यावर सगळ्यांत जाणता माणूस असतो, कारण कोपरा चुकला की सगळी थप्पी चुकली. अशा शिक्षणाला वर्षे लागतात. त्याचा कागद नसतो एवढेच.

कागद मिळविण्याचे काम सोपे नसते, हे आपल्या भागाइतके कोणास ठाऊक असणार? पाटण तालुक्यातून मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी बंदरावरच्या आणि बाजारातल्या माथाडींना एकत्र केले. त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. तोवर त्या माणसाला मालकच नव्हता. म्हणजे कामाला सगळे होते, जबाबदारीला कोणी नव्हता. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. आपल्या ह्याच वाळवे तालुक्यातले वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पायी मुंबईस गेले, गिरणीत राबले, आणि ज्यांना कोणी शहाणे म्हणत नव्हते अशा माणसांचे शहाणपण त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवले. माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. 'अकुशल' हा शब्द काढणे मात्र राहून गेले.

पेट्या सरकविण्याचा आणखी एक जुना खेळ ह्याच घरचा आहे, त्याचे दोन शब्द सांगतो. जत्रेत मुलांना प्लॅस्टिकची चौकट मिळते. एक ते पंधरा आकडे आणि एक घर रिकामे. आकडे सरकवून क्रमाने लावायचे. १८८० साली ह्या खेळाने अमेरिका आणि युरोपला वेड लावले होते. सॅम लॉइड नावाचा एक कोडेकार पुढे सांगत सुटला की हा खेळ मीच काढला. ते खरे नव्हते. एक मांडणी अशी होती की बाकी सगळे आकडे जागेवर, फक्त चौदा आणि पंधरा उलटे. ती सोडवील त्यास हजार डॉलर बक्षीस लावल्याचे तो सांगे. आणि ती मांडणी सुटत नाही हे दोन गणितज्ञांनी १८७९ सालीच छापून सिद्ध केले होते! बक्षीस कोणालाही द्यावे लागणार नाही, हे ठाऊक असताना लावलेले ते बक्षीस. उक्त्या कामावर 'इतक्या वेळात इतक्या गाड्या भरा, म्हणजे वर इतके' अशी बोली होते, तेव्हा आम्हांस तो लॉइड आठवतो. बोली होण्यासारखी आहे की नाही, हे आधी मोजून पाहिले पाहिजे. आणि मोजायला काम करणारा माणूस सोबत घेतला पाहिजे. म्हणून आमची मागणी असते की, कामाचे माप ठरविणाऱ्या बैठकीत टोळीतला जाणता माणूस हवा. आम्ही बोलतो ते हक्काचे असेल. तो बोलेल ते मापाचे असेल.

शेवटी एक फरक सांगितला पाहिजे. आजच्या मोबाईलवरच्या ह्या खेळात एक पाऊल मागे घेण्याची कळ असते. पेटी चुकून भिंतीला लागली, कळ दाबली, पेटी परत. गोदामात ती कळ नाही. थप्पी कोसळली तर पाय मोडतो, कंबर जाते, कधी माणूसच जातो. एके काळी आमच्याकडे शंभर किलोचे पोते पाठीवर देत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषानेही पंचावन्न किलोंहून अधिक हाताने वाहू नये. पन्नास किलोचे पोते रूढ झाले, त्यामागे कितीतरी मणके झिजलेले आहेत. ज्या कामात चूक परत घेता येत नाही, त्या कामात पुढचे दहा डाव आधी पाहावे लागतात. जो पाहतो तो वाचतो, आणि आपल्या टोळीलाही वाचवितो. ही बुद्धी नव्हे तर काय?

तेव्हा आपणांस आमची विनंती अशी. आज घरी गेल्यावर मुलांना घेऊन हा खेळ एकदा खेळून पाहा. काड्यापेट्या पुरे आहेत. एखादी पेटी भिंतीला लागून अडकेल, चिडचिड होईल, पहिल्यापासून मांडावे लागेल. मग उद्या बाजारातून जाताना ट्रक भरणारी टोळी दिसली तर दोन मिनिटे थांबा. कोण कोठे उभा आहे, पहिले पोते कोठे पडले, मुकादम तोंडाने काही न बोलता हाताने काय दाखवितो, ते पाहा. आपल्यात दुकानदार आहेत, कारखान्याचे सभासद आहेत, कचेरीतले लोक आहेत, वकील आहेत. वेतनाच्या रकान्यांवर आपलेही मत विचारले जाते. हरकती आणि सूचना मागविल्या जातात. त्या वेळी हमालाच्या नावापुढे 'अकुशल' हा शब्द दिसला, तर तो तसाच पुढे ढकलू नका. ढकलणे सोपे असते; एकदा भिंतीला लागले की मागे घेणे कठीण असते.